वेळेचा कॉलम: ‘सगळे यूटीसीत ठेवा’ एवढ्याने भागते का?

तालकट्टा | १० नोव्हेंबर २०२५, २१:१०

नमस्कार. पुण्यातल्या एका छोट्या चमूत मी काम करतो. तबला, पेटी आणि कथक ऑनलाइन शिकवणाऱ्या शिक्षकांचे वेळापत्रक आणि शुल्क सांभाळणारी प्रणाली आम्ही चालवतो. शिक्षक बहुतेक पुणे-साताऱ्याचे आहेत, तर विद्यार्थी न्यू जर्सी, लंडन, दुबई आणि मेलबर्न येथील मराठी घरांतले. डेटाबेस पोस्टग्रेस आहे. कामाच्या पहिल्याच दिवशी वरिष्ठांनी बजावले होते की वेळ नेहमी यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवायची आणि दाखवताना ज्याच्या-त्याच्या टाइमझोनमध्ये बदलून दाखवायची. आम्ही अक्षरशः तसेच केले. विद्यार्थ्याने जूनमध्ये नाव नोंदवले की चाळीस आठवड्यांच्या चाळीस ओळी यूटीसीत तयार व्हायच्या.

आता झाले असे, की २६ ऑक्टोबरला लंडनची मुलगी सकाळी दहाला बसली तेव्हा तिचा वर्ग नऊला सुरू होऊन संपलाही होता. ८ नोव्हेंबरला न्यू जर्सीत तेच झाले. तिथल्या मुलांचा वर्ग शनिवारी सकाळी नऊचा, म्हणजे आपल्याकडे सायंकाळी साडेसहाचा. आमच्या प्रणालीने तो न्यू जर्सीत आठला लावला. गुरुजी तबला लावून साडेसहापासून बसले आणि मुले साडेसातला उगवली. मेलबर्नच्या एका पालकांनी ५ ऑक्टोबरलाच तक्रार केली होती, पण ती आम्ही त्यांची समजुतीची चूक मानली, याची आता लाज वाटते.

माझा प्रश्न असा आहे: यूटीसीत ठेवणे हीच चूक होती का? नसेल तर कॉलम नेमका कोणत्या प्रकारचा असायला हवा होता?

शून्यरेखांश | १० नोव्हेंबर २०२५, २१:४८

यूटीसीला दोष देऊ नका. चूक बेरजेत आहे. तुम्ही प्रत्येक वेळी १६८ तास मिळवलेत, पण विद्यार्थ्याला हवा होता ‘पुढचा शनिवार, सकाळी नऊ’. ज्या आठवड्यात उन्हाळी वेळ संपून घड्याळ एक तास मागे जाते तो आठवडा तिथे १६९ तासांचा असतो. पोस्टग्रेसला हा फरक कळतो: टाइमझोनसहितच्या वेळेत ‘७ दिवस’ मिळवणे आणि ‘१६८ तास’ मिळवणे यांची उत्तरे वेगळी येऊ शकतात. मात्र दिवसांची बेरीज तो सेशनच्या, म्हणजे डेटाबेसशी चालू असलेल्या जोडणीच्या, टाइमझोननुसार करतो. तुमचे सेशन यूटीसीत किंवा भारतीय वेळेत असेल तर त्या दोन्हीत घड्याळ कधी हलतच नाही, त्यामुळे दोन्ही उत्तरे सारखीच आली आणि तुम्हाला शंका यायचे कारण उरले नाही.

ओळी तयार करताना सेशन ‘अमेरिका/न्यूयॉर्क’मध्ये ठेवले असते तर त्याच यूटीसी कॉलममध्ये बरोबर वेळा पडल्या असत्या. कॉलम बदलायची गरज नाही.

नोंदवही | १० नोव्हेंबर २०२५, २२:३०

शून्यरेखांश यांनी बेरजेचे जे सांगितले ते बरोबर आहे, पण ‘कॉलम बदलायची गरज नाही’ याच्याशी मी सहमत नाही.

वेळेच्या नोंदी मुळात दोन जातींच्या असतात. एक म्हणजे घडून गेलेली गोष्ट: पैसे जमा झाले, वर्ग सुरू झाला, कोणी लॉगिन केले. हा क्षण जगभर एकच असतो, त्यामुळे तो यूटीसीत ठेवला की विषय संपला. दुसरी म्हणजे दिलेला शब्द: ‘दर शनिवारी सकाळी नऊला’. या शब्दात क्षण नाही. घड्याळातली वेळ आहे आणि ते घड्याळ कोणत्या गावचे, हे आहे. त्याचा क्षण कोणता हे त्या गावच्या सरकारवर अवलंबून असते, आणि सरकारे नियम बदलतात.

मोरोक्कोचे उदाहरण घ्या. २०१८ मध्ये २८ ऑक्टोबरला तिथली घड्याळे एक तास मागे जायची होती. २६ ऑक्टोबरला सरकारने ठरवले की आता मागे न्यायचीच नाहीत. दोन दिवसांची सूचना! ज्यांनी नोव्हेंबरच्या भेटीगाठी आधीच यूटीसीत मोजून ठेवल्या होत्या, त्यांची बेरीज कितीही काटेकोर असली तरी त्या नोंदी एका तासाने चुकल्या, कारण बेरीज जुन्या नियमाने झाली होती. मेक्सिकोने २०२२ च्या ऑक्टोबरअखेर बहुतेक देशासाठी हा प्रकार बंद केला, तेव्हाही हेच. यूटीसीचा आकडा एकदा लिहिला की तो कुठून आला हे त्यातून परत काढता येत नाही.

म्हणून भावी वर्गासाठी तीन गोष्टी ठेवा: स्थानिक तारीख, स्थानिक वेळ आणि टाइमझोनचे पूर्ण नाव. यूटीसीचा क्षण त्यावरून काढून शेजारच्या कॉलममध्ये जरूर ठेवा, पण तो केव्हाही पुसून पुन्हा काढता येईल असा. मूळ नोंद विद्यार्थ्याला दिलेला शब्द हीच राहील.

खतावणी | ११ नोव्हेंबर २०२५, ०९:०५

मी महाराष्ट्रातल्या दुकानदारांसाठी बिलांची प्रणाली लिहितो आणि माझे मत इथे बहुधा कोणाला आवडणार नाही. ज्याचा सगळा व्यवहार भारतात आहे त्याने यूटीसीच्या वाटेला जाऊच नये. आपल्या देशात एकच वेळ आहे आणि घड्याळ पुढेमागे करण्याची भानगड नाही. मग जे घड्याळात दिसते तेच डेटाबेसात का ठेवू नये?

हे मी पोथीतले सांगत नाही. आमच्याकडे आधी यूटीसीच होते. एका ग्राहकाने वर्षअखेरच्या घाईत रात्री जागून बिले केली. १ एप्रिलला पहाटे १ वाजून ४० मिनिटांनी केलेले बिल यूटीसीत ३१ मार्चला रात्री ८ वाजून १० मिनिटांनी पडले. अहवालाची क्वेरी यूटीसीच्या तारखेने गट पाडत होती, त्यामुळे ते बिल मागच्या आर्थिक वर्षात गेले. सनदी लेखापालांनी फोनवर जे ऐकवले ते इथे लिहिण्यासारखे नाही. रोज मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतचा प्रत्येक व्यवहार असा आदल्या दिवसात जातो. वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही, कारण त्या वेळी दुकाने बंद असतात.

शून्यरेखांश | ११ नोव्हेंबर २०२५, ०९:२०

ही चूक साठवण्याची नाही, गट पाडण्याची आहे. आधी भारतीय वेळेत आणायचे आणि मग तारीख काढायची, एवढेच राहून गेले होते.

खतावणी | ११ नोव्हेंबर २०२५, ०९:३४

मान्य. पण ‘एवढेच’ हे चाळीस अहवालांत चाळीस वेळा लक्षात ठेवावे लागते आणि नवा मुलगा एकेचाळिसावा अहवाल लिहितो.

जुनाडीबीए | ११ नोव्हेंबर २०२५, १३:१५

दोघांचेही खरे आहे, म्हणून मधला मार्ग सांगतो. बिलाला दोन कॉलम असावेत. ‘नोंद केव्हा झाली’ हा क्षण, यूटीसीत. ‘बिलाची तारीख’ ही निव्वळ तारीख, डेट प्रकारची, जी बिल करतानाच भारतीय वेळेने ठरवून कायमची लिहिली जाते. कायद्याला तारीख लागते, क्षण लागत नाही. तारखेला टाइमझोन नसतो आणि तो चिकटवण्याचा प्रयत्नही करू नये.

आता मूळ प्रश्नातील कॉलमच्या प्रकारांविषयी, कारण नावांमुळे फार फसगत होते.

पोस्टग्रेसमध्ये ‘टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन’ असे नाव असले तरी त्यात टाइमझोन साठवला जात नाही. दिलेली वेळ यूटीसीत बदलून ८ बाइटमध्ये ठेवली जाते आणि वाचताना सेशनच्या टाइमझोनमध्ये दाखवली जाते. तुम्ही न्यूयॉर्कची वेळ न्यूयॉर्कच्या ऑफसेटसह (यूटीसीपासूनच्या अंतरासह) लिहिलीत तरी ‘न्यूयॉर्क’ हा शब्द तिथेच गळून पडतो. ‘विदाउट टाइम झोन’ त्याहून घातकी आहे: वेळेसोबत ऑफसेट दिला तरी तो काही न बोलता टाकून देतो आणि वेळेचे आकडे जसेच्या तसे ठेवतो. तक्रार नाही, इशारा नाही.

मायएसक्यूएलमध्ये उलटी गंमत आहे. तिथला ‘टाइमस्टॅम्प’ सेशनच्या टाइमझोनमधून यूटीसीत बदलून ठेवतो आणि ‘डेटटाइम’ दिले तसे ठेवतो. म्हणजे पोस्टग्रेसमध्ये नुसत्या ‘टाइमस्टॅम्प’चा जो अर्थ, त्याच्या नेमका विरुद्ध. एका डेटाबेसातून दुसऱ्यात स्थलांतर करताना नावावरून जोडी लावलीत तर साडेपाच तास कुठे गेले ते शोधत बसाल. शिवाय मायएसक्यूएलचा हा ‘टाइमस्टॅम्प’ १९ जानेवारी २०३८ च्या पहाटे ३ वाजून १४ मिनिटे ७ सेकंदांना, यूटीसीनुसार, संपतो. वीस वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता त्यात आजच मावत नाही.

एसक्यूएल सर्व्हरच्या ‘डेटटाइमऑफसेट’मध्ये ऑफसेट खरोखर साठवला जातो, म्हणून काहींना तो सर्वांत पूर्ण वाटतो. पण उणे चार तास म्हणजे उन्हाळ्यातले न्यूयॉर्क की बाराही महिने उणे चारवर असणारे पोर्टो रिको, हे ऑफसेट सांगू शकत नाही. झालेल्या घटनेसाठी तो पुरेसा आहे. पुढच्या वर्षीच्या वर्गासाठी नाही. टाइमझोनचे नाव कॉलमातच ठेवू शकणारा प्रकार मला ओरॅकलमध्ये वापरायला मिळाला. बाकीच्यांत नावासाठी वेगळा मजकूर-कॉलम करावा लागतो आणि त्यात कमीपणा काही नाही.

साडेअठरा | ११ नोव्हेंबर २०२५, १६:४०

माझे सदस्यनाम पाहून लोक विचारतात, म्हणून आज सांगून टाकतो. आपल्याकडच्या कुठल्याही डेटाबेसात जन्मतारखेच्या कॉलममध्ये ‘१८:३०:००’ दिसले, की समजावे इथे कोणीतरी भारतीय मध्यरात्र यूटीसीत ढकलली आहे.

आमच्याकडे शाळाप्रवेशाचा अर्ज होता. पालक ब्राउझरमध्ये १५ ऑगस्ट निवडायचे. जावास्क्रिप्ट त्याचा अर्थ ‘१५ ऑगस्ट, भारतीय मध्यरात्र’ असा लावायची आणि सर्व्हरकडे पाठवताना यूटीसी करायची, म्हणजे १४ ऑगस्ट, साडेअठरा. सर्व्हर त्यातला तारखेचा भाग उचलून डेट कॉलममध्ये ठेवायचा. मूल एक दिवसाने मोठे व्हायचे. संपादनासाठी अर्ज पुन्हा उघडून जतन केला की आणखी एक दिवस मागे. एका धांदरट पालकांनी पाच वेळा अर्ज दुरुस्त केला आणि त्यांचे मूल सहा दिवस आधी जन्माला आले.

गंमत म्हणजे हाच अर्ज आमच्या लंडनच्या सहकाऱ्याने डिसेंबरमधली जन्मतारीख टाकून तपासला होता आणि तिथे तो निर्दोष चालला. डिसेंबरमध्ये लंडन आणि यूटीसी एकच असतात.

शुद्धलेखणी | ११ नोव्हेंबर २०२५, १८:०२

‘टाइमझोन’ऐवजी ‘कालविभाग’ म्हणता येईल, अशी नम्र सूचना.

खतावणी | ११ नोव्हेंबर २०२५, १८:०९

म्हणता येईल, पण मग ‘कालविभाग चुकला’ असे वाचून ग्राहकाला वाटेल की काल कोणतातरी विभाग चुकला.

जुनाडीबीए | ११ नोव्हेंबर २०२५, १८:४४

नावाचा विषय निघालाच आहे तर: आयएसटी हे संक्षिप्त रूप कोठेही साठवू नका. भारत, इस्रायल आणि आयर्लंड असे तिघे त्यावर हक्क सांगतात. पोस्टग्रेसच्या मूळ संक्षेपयादीत आयएसटी म्हणजे इस्रायलची वेळ, यूटीसीच्या दोन तास पुढे. भारतासाठी वेगळी यादी सोबत येते, पण ती मुद्दाम निवडावी लागते. बाहेरून आलेल्या फाइलमध्ये वेळेपुढे आयएसटी लिहिले होते म्हणून आमच्या नोंदी साडेतीन तासांनी सरकल्या होत्या आणि कारण सापडेपर्यंत आम्ही सर्व्हर पुरवणाऱ्यालाच बोल लावत होतो. ‘एशिया/कोलकाता’ असे पूर्ण नाव लिहा. जुन्या यंत्रणांत ‘एशिया/कलकत्ता’ आढळते. ते जुने टोपणनाव आजही चालते.

चर्चगेट_फास्ट | ११ नोव्हेंबर २०२५, २३:१७

‘आपल्या देशात एकच वेळ आहे’ या खतावणी यांच्या विधानाला थोडी जुनी पुरवणी जोडतो. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, पण मुंबईने ती मनापासून स्वीकारली नाही. ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे असलेली ‘बॉम्बे टाइम’ शहरात १९५५ पर्यंत नांदत होती. प्रमाणवेळ आणि मुंबईची वेळ यांत ३९ मिनिटांचा फरक असे.

हे केवळ स्मरणरंजन नाही. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारताचे घड्याळ एक तास पुढे, म्हणजे यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होते. जगभरच्या प्रणाली ज्या टाइमझोन-संग्रहावर चालतात त्यात हे नोंदलेले आहे. आम्ही निवृत्तिवेतनधारकांच्या नोंदी हाताळत होतो. जन्मतारीख क्षण म्हणून ठेवली होती, हा मूळ अपराध. लिहिणारा भाग संग्रह वापरून साडेसहा तास वजा करायचा. छापणारा भाग कोणीतरी ‘भारत म्हणजे साडेपाच’ असे गृहीत धरून लिहिलेला होता. परिणामी १९४३ आणि १९४४ मध्ये जन्मलेल्या आजी-आजोबांची जन्मतारीख छापील प्रतीत आदल्या दिवसाची, रात्री अकराची यायची. १९४० चे आणि १९४६ चे सगळे व्यवस्थित. ‘फक्त युद्धातल्या मुलांनाच का?’ असे आमच्या एका सहकारी बाईंनी गमतीने विचारले आणि त्यावरूनच उत्तर सापडले.

साडेअठरा | ११ नोव्हेंबर २०२५, २३:४१

वा! आणि ज्यांनी पायथनमध्ये पायटीझेड ही टाइमझोनची लायब्ररी वापरून ‘एशिया/कोलकाता’ थेट जोडले आहे त्यांनी ५ तास ५३ मिनिटेही पाहिली असतील. संग्रहातली पहिली नोंद कोलकात्याच्या स्थानिक सूर्यवेळेची आहे आणि चुकीच्या पद्धतीने जोडले की तीच लागू होते. सातचा वर्ग सहा वाजून सदतीस मिनिटांनी लागतो. वेळ २३ मिनिटांनी चुकली असेल तर दुसरे कारण शोधण्यात रात्र घालवू नका. पायथन ३.९ पासून झोनइन्फो सोबतच येते, ते वापरावे.

एडिसनकर | १२ नोव्हेंबर २०२५, ०७:५०

मी संगणकातला माणूस नाही. न्यू जर्सीत राहतो, माझी दोन्ही मुले अशाच एका वर्गात तबला शिकतात (धागाकर्त्यांचाच वर्ग असेल तर मुले साडेसातला ‘उगवली’ याबद्दल आमची काहीच चूक नव्हती, एवढे नमूद करतो).

आम्हा पालकांचे म्हणणे असे, की शनिवारी नऊला तबला, अकराला पोहणे आणि एकला मराठी शाळा, असा आठवडा आम्ही इथल्या घड्याळावर बांधलेला असतो. भारतातला वर्ग तेवढा मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये सरकला तर बाकीचे सगळे त्याच्यावर आदळते. डेटाबेसात काय ठेवायचे ते ठेवा, पण नऊ म्हणजे नऊ राहू द्या.

पोर्टलुई | १२ नोव्हेंबर २०२५, ११:२५

मॉरिशसच्या मराठी मंडळींकडून एक नोंद. आमचे बेट यूटीसीच्या चार तास पुढे आहे आणि घड्याळ हलत नाही, असे सगळे धरून चालतात. पण २००८ च्या ऑक्टोबरअखेर आमच्याकडे उन्हाळी वेळेचा प्रयोग झाला होता, मार्च २००९ मध्ये तो संपला आणि पुन्हा झाला नाही. ‘या देशात असे होत नाही’ म्हणून ऑफसेट पक्का लिहून ठेवणाऱ्यांनी तेवढे पाच महिने आठवावेत. दुबईही आमच्याच वेळेवर चालते, पण म्हणून दोघांना एकच टाइमझोन-नाव देऊ नका. उद्या एकाने बदल केला तर दुसराही ओढला जाईल.

तालकट्टा | १२ नोव्हेंबर २०२५, २२:०५

सर्वांचे आभार. नोंदवही यांच्या सल्ल्याप्रमाणे मी चाचणी सर्व्हरवर स्थानिक वेळ आणि टाइमझोनचे नाव असे कॉलम करून पाहिले. न्यू जर्सीचा वर्ग तिथल्या नऊला पक्का बसला. एडिसनकर यांनी आनंद मानण्याआधी पुढचे वाचावे.

नोव्हेंबरपासून त्यांचे नऊ म्हणजे आपले सायंकाळचे साडेसात. त्याच गुरुजींकडे साडेसातला दुबईचा विद्यार्थी आहे, तिथल्या सहाचा. दुबईचे घड्याळ हलत नाही, त्यामुळे तो वर्षभर साडेसातलाच राहतो. उन्हाळ्यात हे दोन वर्ग पाठोपाठ व्यवस्थित बसत होते. आता एकमेकांवर चढले. म्हणजे कॉलमचा प्रकार सुटला, पण टाइमझोनच्या कॉलममध्ये नाव कोणाचे लिहायचे, विद्यार्थ्याच्या गावचे की गुरुजींच्या, हा प्रश्न उभा राहिला.

नोंदवही | १२ नोव्हेंबर २०२५, २२:५०

हाच खरा प्रश्न होता आणि तो प्रोग्रामरने सोडवायचा नाही. आधीची प्रणाली नकळत पुण्याचेच घड्याळ प्रमाण मानत होती, कारण आपले घड्याळ आणि यूटीसी यांतले अंतर कधी बदलत नाही. म्हणजे निर्णय झालेला होता. फक्त तो कोणी घेतला नव्हता आणि विद्यार्थ्यांना कोणी कळवला नव्हता. आता गुरुजींना विचारा आणि जे ठरेल ते नोंदीत स्पष्ट लिहा.

एक तांत्रिक गोष्ट मात्र तुमच्या हातात आहे. काढलेल्या क्षणांचा ‘पासून-पर्यंत’ असा पल्ला करून पोस्टग्रेसचे वर्जन-बंधन (एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट) लावा, म्हणजे एका शिक्षकाचे दोन पल्ले एकमेकांवर आले तर डेटाबेसच नोंद नाकारील. टक्कर ८ नोव्हेंबरला कळण्याऐवजी जूनमध्ये, नाव नोंदवतानाच कळेल. पल्ला सुरुवातीस बंद आणि शेवटी उघडा ठेवा, नाहीतर साडेसातला संपणारा आणि साडेसातला सुरू होणारा हे दोन वर्गही भांडतील.

अंगणातली_तुळस | १३ नोव्हेंबर २०२५, ०८:१५

मला यातले तांत्रिक फारसे कळत नाही, पण ‘कोणाचे घड्याळ’ हा वाद आमच्या घरी दर एकादशीला होतो. तिथी सूर्योदयावरून ठरते, त्यामुळे इथल्या पंचांगातली एकादशी लेकीकडे कॅलिफोर्नियात कधीकधी आदल्या तारखेला येते. ती इथली तारीख पाहून उपास करायची. आता तिथल्या सूर्योदयाचे पंचांग पाहते. आमच्या गुरुजींनी तिला एकच विचारले होते, ‘तू राहतेस कुठे?’

जुनाडीबीए | १३ नोव्हेंबर २०२५, १०:३०

तुळसताईंच्या गुरुजींना आमच्या डेटाबेस रचनेच्या बैठकीला बोलवायला हवे.

तालकट्टा, जुन्या नोंदींबाबत एक सावधगिरी. झालेल्या वर्गांच्या ओळींना हात लावू नका. ते क्षण खरे आहेत, चुकीच्या वेळी का होईना पण वर्ग तेव्हाच झाला. फक्त पुढच्या तारखांच्या ओळी नव्या पद्धतीने काढा. त्या काढताना जून ते सप्टेंबरमधल्या वेळेवरून स्थानिक वेळ ठरवा, कारण विद्यार्थ्याने शब्द घेतला तेव्हा ती खरी होती. ऑक्टोबरनंतरच्या ओळीवरून मोजलीत तर चूकच प्रमाण होईल. बॅकअप घेऊन करा, हे सांगायला नको, तरी सांगतो.

चाचण्यांसाठी पुढच्या तारखा लिहून ठेवा: २०२६ मध्ये अमेरिकेत ८ मार्च, ब्रिटनमध्ये २९ मार्च, मेलबर्नला ५ एप्रिल. पहिल्या दोघांचे घड्याळ पुढे जाते, मेलबर्नचे मागे येते. मधल्या तीन आठवड्यांत न्यू जर्सी आणि लंडन यांच्यातले अंतर नेहमीच्या पाच तासांऐवजी चार असते. त्या आठवड्यांची चाचणी कोणी करत नाही. शिवाय टाइमझोन-संग्रहाची नवी आवृत्ती आली की काढलेले क्षण पुन्हा काढणारे काम लावा. सर्व्हरवरचा संग्रह ताजा आणि कंटेनरमधला तीन वर्षांचा शिळा, हे दृश्य मी दोनदा पाहिले आहे.

शून्यरेखांश | १३ नोव्हेंबर २०२५, २०:०२

‘कॉलम बदलायची गरज नाही’ हे माझे वाक्य मागे घेतो. मोरोक्कोच्या उदाहरणाला माझ्याकडे उत्तर नाही. घडून गेलेल्या गोष्टींसाठी मात्र मी यूटीसीवरून हलणार नाही.

तालकट्टा | २३ नोव्हेंबर २०२५, १९:२०

धागा वर काढतो आहे, कारण काम झाले.

गुरुजींसमोर दोन्ही पर्याय मांडले. त्यांनी दुबईच्या मुलाचे नाव घेऊन विचारले, ‘त्याने काय पाप केले आहे, त्याने का हलायचे?’ त्यामुळे सायंकाळच्या सलग वर्गांसाठी पुण्याचे घड्याळ प्रमाण ठरले. न्यू जर्सीचा वर्ग आपल्या साडेसहाला, म्हणजे तिथे हिवाळ्यात आठला आणि उन्हाळ्यात नऊला. एडिसनकर, क्षमस्व, घड्याळ बदलण्याच्या दोन आठवडे आधी दोन्ही वेळा लिहिलेले पत्र पालकांना जाईल. लंडनच्या मुलीपुढे-मागे कोणी नाही, म्हणून तिचा वर्ग तिच्याच दहाला बांधला. मेलबर्नलाही तेच, आणि त्या पालकांची लेखी माफी मागितली.

म्हणून प्रत्येक वर्गमालेला आता वार, स्थानिक वेळ, टाइमझोनचे नाव आणि ‘घड्याळ कोणाचे’ असे चार कॉलम आहेत. पुढच्या आठ आठवड्यांचेच क्षण काढलेले असतात आणि ते दर रात्री पुन्हा तपासले जातात. प्रत्यक्ष वर्ग केव्हा सुरू झाला ते पूर्वीप्रमाणेच यूटीसीत. शुल्काची पावती खतावणी आणि जुनाडीबीए यांच्या मधल्या मार्गाने, निव्वळ तारखेच्या कॉलमात. वर्जन-बंधन लावताक्षणी आणखी तीन टकरी सापडल्या.

एक मागणी शिल्लक आहे. गुरुजी म्हणाले, ‘घड्याळ कुठलेही लावा, पण दोन वर्गांच्या मध्ये मला पंधरा मिनिटे चहाला ठेवा.’ त्यासाठी कॉलम कोणत्या प्रकारचा ठेवावा?

जुनाडीबीए | २३ नोव्हेंबर २०२५, १९:३१

इंटरव्हल, म्हणजे नुसता कालावधी. चहाला टाइमझोन नसतो.

खतावणी | २३ नोव्हेंबर २०२५, १९:३३

आणि ‘नल’ (रिकामी नोंद) चालणार नाही, हे बंधन विसरू नका.